शास्तीची नोटीस की फौजदारी समन्स? कंपनी संचालकांनी आधी ओळखायचा फरक

कंपनीच्या नावे सरकारी नोटीस आली की संचालक मंडळी दोनपैकी एक काहीतरी करतात. काही जण ती न वाचताच सीएला पाठवतात आणि विसरून जातात. काहींची झोप उडते आणि सकाळी ओळखीच्या वकिलाला गाठून पहिला प्रश्न विचारला जातो, ‘अटक होईल का?’ नोटीस कुठल्या वाटेवरची आहे हे न कळल्यामुळे दोघांचंही नुकसान होतं. पहिल्याचं तीस दिवसांत विनाशास्ती मिटणारं प्रकरण लाखाच्या घरात जातं. दुसरा घाबरून नको ते लिहून देतो.

हा लेख मोठ्या कंपन्यांच्या कायदे विभागांसाठी नाही, त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत. तो आहे घरच्या घरी चालणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेडसाठी, नव्या स्टार्टअपसाठी आणि गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी. या सगळ्यांना कंपनी कायदा, २०१३ सारखाच लागू आहे. त्यातल्या बऱ्याच चुका पूर्वी फौजदारी गुन्हा मानल्या जात आणि त्यासाठी न्यायालयात उभं राहावं लागे. २०१९ आणि २०२० च्या दुरुस्त्यांनी त्यातल्या अनेक चुका न्यायालयाबाहेर काढून कंपनी निबंधकांच्या पातळीवरच्या शास्तीकडे वळवल्या. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हेच धोरण ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींना लावलं. तेव्हापासून ‘आता काही होत नाही, पैसे भरले की झालं’ असा समज पसरला आहे. तो निम्माच खरा आहे.

शास्तीच्या वाटेवर विचारला जाणारा प्रश्न साधा असतो: नियम मोडला गेला का? शिक्षेच्या वाटेवर प्रश्न असतो: कोणी मोडला आणि मनात काय धरून? पुढचे सगळे फरक या दोन प्रश्नांतून निघतात.

नोटिशीत आधी काय वाचाल?

पहिलं, पाठवणारा कोण ते पाहा. निबंधक किंवा सेबीचा निर्णय अधिकारी असेल आणि ‘शास्ती का लावू नये’ असं विचारत असेल, तर ती कारणे दाखवा नोटीस आहे. न्यायालयाचं समन्स असेल किंवा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेचं बोलावणं असेल, तर वाट फौजदारी आहे.

दुसरं, नोटिशीत दिलेलं कलम मूळ कायद्यात उघडून बघा. इंग्रजी मजकुरात ‘लायबल टू अ पेनल्टी’ असेल तर ती शास्ती. ‘पनिशेबल विथ फाइन’ किंवा ‘इम्प्रिझनमेंट’ असेल तर तो गुन्हा. इथे अनेकांची गफलत होते. कलमात कैद नसेल, नुसता द्रव्यदंड असेल, तरीही तो गुन्हाच असतो आणि तो ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा असतो.

तिसरं, नावं मोजा. नोटीस एकट्या कंपनीला क्वचितच येते. सोबत ‘कसूरदार अधिकारी’ असतात. पूर्णवेळ संचालक किंवा सीईओसारखा पदाधिकारी नसेल आणि बोर्डाने ठरावाने कोणावर जबाबदारी सोपवली नसेल, तर सगळेच संचालक कसूरदार धरले जाऊ शकतात. कागदोपत्री संचालक केलेली पत्नी, निवृत्त वडील, शेतकरी कंपनीत ‘सही पुरते’ घेतलेले पाहुणे हे सगळे त्या यादीत येतात.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. १६ सप्टेंबर २०२४ पासून कंपनी कायद्याखालची शास्तीची कारवाई ऑनलाइन चालते. नोटीस, उत्तर, सुनावणी, आदेश, सगळं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरून आणि ईमेलवरून. कंपनी स्थापन करताना सल्लागाराने स्वतःचाच ईमेल टाकून ठेवला असेल आणि तो आता तुमच्यासोबत नसेल, तर नोटीस येऊन मुदत संपली तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही.

‘मुद्दाम केलं नाही’ हे उत्तर कुठे चालतं?

शास्तीच्या वाटेवर ते जवळजवळ चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सेबी विरुद्ध श्रीराम म्युच्युअल फंड या प्रकरणात हे स्पष्ट केलं. फंडाने संलग्न ब्रोकरमार्फत करायच्या व्यवहारांची मर्यादा ओलांडली होती. बचाव असा होता की त्यामागे वाईट हेतू नव्हता. न्यायालयाचं म्हणणं असं की कायद्याने घातलेलं बंधन मोडलं गेलं एवढं सिद्ध झालं की शास्ती लागू होते, हेतू शोधण्याची गरज नाही. म्हणून कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तरात ‘अनवधानाने झाले’ यावर तीन पानं खर्च करू नका. कसूर झाली की नाही, कधीपासून कधीपर्यंत झाली, केव्हा दुरुस्त केली, कोणाचं नुकसान झालं का, यावर लिहा.

फौजदारी वाटेवर चित्र उलटं असतं. कंपनी कायद्याचं कलम ४४७ फसवणुकीचं आहे आणि त्याचा गाभाच फसवण्याचा, गैरफायदा घेण्याचा किंवा इजा करण्याचा हेतू हा आहे. जीएसटीतही हीच विभागणी दिसते. चुकीने जादा घेतलेलं क्रेडिट कर, व्याज आणि शास्ती भरून सुटतं. खोटी बिलं फाडून ५ कोटींच्या वर क्रेडिट उचललं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि तो गुन्हा अजामीनपात्र असतो.

पुराव्याची पट्टीही वेगळी. शास्तीसाठी दोन शक्यतांपैकी कोणती अधिक पटते एवढं पाहिलं जातं. शेअर बाजारातल्या गैरव्यवहारांत तर व्यवहारांची वेळ, भाव आणि परस्परसंबंध यांवरून निष्कर्ष काढला तरी चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये किशोर अजमेरा प्रकरणात मान्य केलं. शिक्षेसाठी मात्र गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.

रक्कम कशी ठरते?

शास्तीच्या कलमात बहुतेक वेळा दर ठरलेला असतो. एक हिशेब करून पाहू. वार्षिक विवरणपत्र, म्हणजे एमजीटी-७ किंवा छोट्या कंपनीचं ७ए, मुदतीनंतर ३०० दिवस पडून राहिलं. कलम ९२ प्रमाणे शास्ती १०,००० रुपये, अधिक कसूर चालू राहील तोवर दिवसाला १०० रुपये. कंपनीसाठी कमाल २ लाख, अधिकाऱ्यासाठी कमाल ५०,०००. म्हणजे ढोबळमानाने १०,००० अधिक ३०,०००, एकूण ४०,००० रुपये. कंपनीला वेगळे आणि प्रत्येक कसूरदार अधिकाऱ्याला वेगळे.

आता सवलत. लहान कंपनी, एकल व्यक्ती कंपनी, स्टार्टअप आणि उत्पादक कंपनी यांना कलम ४४६ब प्रमाणे निम्म्याहून जास्त शास्ती लावता येत नाही. म्हणजे २०,०००. कंपनी आणि तीन संचालक धरले तर ८०,०००. ताळेबंदाचा एओसी-४ राहिला असेल तर कलम १३७ खाली जवळपास हाच हिशेब पुन्हा, म्हणजे १ लाख ६० हजार. शिवाय दोन्ही फॉर्म भरताना दिवसाला १०० रुपयांचं जादा शुल्क लागतंच, ते ६०,०००. उत्पादक कंपनीत कायद्यानेच किमान पाच संचालक लागतात, त्यामुळे सगळेच कसूरदार ठरले तर गुणाकार आणखी वाढतो. लहान कंपनीची भांडवल आणि उलाढालीची मर्यादा सरकार वेळोवेळी बदलतं, म्हणून तुमची कंपनी तिच्यात बसते का हे कंपनी सचिवाकडून, म्हणजे सीएसकडून, दरवर्षी तपासून घ्या.

आणि हे सगळं वाचवणारी तरतूद अनेकांना माहीत नसते. कसूर या दोन विवरणपत्रांचीच असेल आणि नोटीस निघण्याआधी किंवा निघाल्याच्या तारखेपासून तीस दिवसांत ती दुरुस्त केली, तर कलम ४५४ प्रमाणे शास्ती लावताच येत नाही, कारवाई तिथेच संपते. तीस दिवस नोटीस निघाल्यापासून मोजायचे, तुम्ही वाचल्यापासून नाही. म्हणून अशी नोटीस आली की उत्तर लिहिण्याआधी फॉर्म भरा. जादा शुल्क सुटणार नाही, पण शास्ती सुटेल.

बाजाराशी संबंधित प्रकरणांत आकडे मोठे होतात. सेबी कायद्यात फसव्या व्यवहारांसाठी शास्ती ५ लाखांपासून २५ कोटींपर्यंत किंवा नफ्याच्या तिपटीपर्यंत, यांतली जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत जाते. ती ठरवताना गैरलाभ, गुंतवणूकदारांचं नुकसान आणि पुनरावृत्ती यांचा विचार होतो.

फौजदारी शिक्षेत असा हिशेब मांडता येत नाही. दोषी ठरवल्यानंतर गंभीर खटल्यांत शिक्षेवर वेगळं ऐकून घेतलं जातं, आरोपीची भूमिका, वय, पूर्वीचा इतिहास पाहिला जातो. पण कलम ४४७ मध्ये न्यायाधीशाचेही हात काही प्रमाणात बांधलेले आहेत. फसवणूक १० लाख रुपये किंवा उलाढालीचा एक टक्का, यांतल्या कमी रकमेपासून वर असेल तर किमान सहा महिने, कमाल दहा वर्षं कैद आणि फसवणुकीच्या रकमेएवढा ते तिपटीपर्यंत दंड. सार्वजनिक हिताला धक्का असेल तर किमान तीन वर्षं. जामीनही सहजासहजी मिळत नाही.

तुरुंगात कोण जातं?

कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही. मग कैद आणि दंड दोन्ही सक्तीचे असलेल्या गुन्ह्यात कंपनीवर खटलाच चालवता येणार नाही, असा युक्तिवाद बरीच वर्षं होत असे. २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँक प्रकरणात घटनापीठाने तो फेटाळला. कंपनीवर खटला चालेल आणि तिला दंडाची शिक्षा होईल, असं ठरलं.

संचालकांबाबत २०१५ चा सुनील भारती मित्तल प्रकरणातला निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. कंपनीवर आरोप आहे म्हणून संचालक आपोआप आरोपी होत नाही. त्याचा सक्रिय सहभाग आणि गुन्हेगारी हेतू दिसायला हवा किंवा कायद्यानेच तशी जबाबदारी घातलेली हवी. परक्राम्य संलेख कायद्यातलं चेक न वटल्याचं कलम १३८ आणि सोबतचं १४१ हे अशा थेट जबाबदारीचं रोजचं उदाहरण. कंपनीचा कारभार पाहणारे त्यात ओढले जातात. म्हणूनच संचालकपदाचा राजीनामा दिल्यावर कंपनीने तो निबंधकांना कळवणारा डीआयआर-१२ फॉर्म भरला का, हे पाहा. नसेल भरला तर डीआयआर-११ तुम्ही स्वतः भरू शकता.

निकालानंतरचे परिणामही वेगळे. शास्ती भरली म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. पण फौजदारीत दोषी ठरून सहा महिने किंवा जास्त कैद झाली, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं संचालक होता येत नाही. सात वर्षं किंवा जास्त झाली तर कायमचं. विवरणपत्रांच्या कसुरीचा एक परिणाम मात्र खटल्याशिवायही डोक्यावर बसतो. सलग तीन आर्थिक वर्षं ती भरली नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो.

एकाच गोष्टीसाठी दोन्ही होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि याचा पाया मुंबईत घडलेल्या एका प्रकरणात आहे. ६ नोव्हेंबर १९४९ रोजी जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या मक्बूल हुसेन नावाच्या प्रवाशाकडे झडतीत १०७.२ तोळे सोनं सापडलं. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ते जप्त केलं आणि त्याऐवजी १२,००० रुपये भरून सोडवून घेण्याची मुभा दिली. नंतर परकीय चलन कायद्याखाली फौजदारी तक्रारही झाली. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नको, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २० चं संरक्षण त्याने मागितलं. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये ते नाकारलं, कारण सीमाशुल्क अधिकारी न्यायालय नाही आणि जप्ती म्हणजे खटला नाही. शास्ती भरल्यावरही खटला चालू शकतो, ही भूमिका तिथून आली.

याला एक दिलासा देणारी बाजू आहे. २०११ च्या राधेश्याम केजरीवाल प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की शास्तीच्या चौकशीत आरोपच टिकत नाहीत म्हणून कोणी सुटला असेल, तर त्याच आरोपांवर फौजदारी खटला चालवणं योग्य नाही. मात्र तांत्रिक कारणावर सुटला असेल तर हा लाभ मिळत नाही. म्हणून शास्तीच्या सुनावणीत ‘नोटीस वेळेत आली नाही’ एवढ्यावरच न थांबता मुद्द्यावरही लढा.

दोन्ही वाटा एकत्र कशा चालतात हे सत्यम प्रकरणात स्वच्छ दिसतं. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी बोर्डाला पत्र लिहून वर्षानुवर्षं हिशेब फुगवल्याची कबुली दिली. घोटाळा सुमारे ७,००० कोटींचा ठरला. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ९ एप्रिल २०१५ रोजी दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली. पुढे अपिलात ती स्थगित झाली. त्याआधी जुलै २०१४ मध्ये सेबीने राजू आणि इतरांना बाजारातून १४ वर्षं बाहेर काढलं आणि गैरमार्गाने कमावलेले १,८४९ कोटी व्याजासह परत करायला सांगितलं. अपिलांमध्ये या रकमा बदलत गेल्या. अमेरिकेतल्या बाजार नियामकाने एप्रिल २०११ मध्ये कंपनीवर १ कोटी डॉलरची दिवाणी शास्ती लावली. तोवर कंपनी महिंद्र समूहाकडे गेली होती. कैद माणसांना झाली. कंपनीवरची शास्ती, जुने मालक गेले तरी, कंपनीच्याच तिजोरीतून गेली. जुनी कंपनी विकत घेताना तिच्या प्रलंबित नोटिशा का तपासायच्या, याचं उत्तर यात आहे.

शास्तीतून फौजदारीत ढकलणाऱ्या चुका

पहिली चूक, आदेश कपाटात ठेवणे. आदेशाची प्रत मिळाल्यापासून ६० दिवसांत प्रादेशिक संचालकांकडे अपील करता येतं. अपील नाही आणि ९० दिवसांत पैसेही भरले नाहीत, तर तो वेगळा गुन्हा होतो. कंपनीला २५,००० ते ५ लाख दंड, अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २५,००० ते १ लाख दंड किंवा दोन्ही. हजारांची शास्ती अशी न्यायालयात जाते.

दुसरी, तीच कसूर तीन वर्षांच्या आत पुन्हा करणे. तेव्हा शास्ती दुप्पट होते.

तिसरी सगळ्यात धोकादायक, आणि ती सर्रास होते. नोटीस आल्यावर ‘मीटिंग वेळेत झाली होती’ हे दाखवण्यासाठी मागच्या तारखेची मिनिट्स लिहून काढणं, हजेरीपटावर एका दमात वर्षभराच्या सह्या घेणं. कायद्यासाठी लागणाऱ्या दस्तऐवजात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कलम ४४८ प्रमाणे ती जबाबदारी थेट ४४७ वर नेते. वीस हजारांची कसूर झाकायला तुम्ही फसवणुकीचं कलम अंगावर घेता. मीटिंग झाली नसेल तर झाली नाही असं लिहा आणि शास्ती भरा.

चौथी, जबाब गांभीर्याने न घेणे. निबंधकांच्या तपासणीत किंवा चौकशीत शपथेवर दिलेला आणि सही केलेला जबाब पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो. शास्तीच्या नोटिशीत फसवणुकीचा नुसता वास आला तरी उत्तर पाठवण्याआधी फौजदारी वकिलाची नजर त्यावरून जाऊ द्या. एकट्या सीएसवर हे सोडू नका.

मिटवायचे मार्ग

शास्तीत दुरुस्ती, सुनावणी, अपील आणि भरणा एवढेच टप्पे. अधिकाऱ्यावरची शास्ती त्याने स्वतःच्या खिशातून भरायची असते, निबंधकांच्या आदेशांत तसं लिहिलेलंही असतं. कायदा मोडल्याबद्दल भरलेली रक्कम आयकरात व्यवसायाचा खर्च म्हणूनही वजा होत नाही.

गुन्ह्याच्या बाबतीत कलम ४४१ प्रमाणे कंपाउंडिंग, म्हणजे रक्कम भरून तडजोड, शक्य असते. कमाल दंड २५ लाखांपर्यंत असेल तर प्रादेशिक संचालकांकडे, त्यापुढे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे. पण कैद सक्तीची असलेल्या गुन्ह्यांना, म्हणजे मोठ्या फसवणुकीला, हा दरवाजा बंद आहे. तसाच गुन्हा एकदा तडजोडीने मिटवला की पुढची तीन वर्षं पुन्हा ही सोय मिळत नाही. ‘काय ते पैसे भरून टाकू’ हे वाक्य वकिलासमोर बोलण्याआधी तुमचं कलम यात बसतं का, ते विचारा.

दोन वेगळ्या फाइल ठेवा

दोन वाटांवर दोन वेगळे प्रश्न विचारले जातात, म्हणून तयारीही दोन प्रकारची हवी.

पहिली फाइल तारखांची. वार्षिक सभा कधी झाली, त्यानंतर ३० दिवसांत एओसी-४ आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र गेलं का, प्रत्येक फॉर्मचं चलन आणि एसआरएन क्रमांक कुठे आहे. शास्तीच्या सुनावणीत हीच कामाला येते.

दुसरी फाइल निर्णयांची. मोठा खर्च, नातेवाइकांशी व्यवहार, कर्ज, ठेवी, यांचा निर्णय कोणी सुचवला, कोणती कागदपत्रं पाहिली, कोणी विरोध केला. विरोध केला असेल तर तो त्याच मीटिंगच्या मिनिट्समध्ये नोंदवून घ्या, नंतर तोंडी सांगून उपयोग नाही. लोकांकडून ठेवी घेणाऱ्या संस्थांच्या संचालकांनी तर ही फाइल अजिबात टाळू नये. महाराष्ट्रातल्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात, म्हणजे एमपीआयडीत, ठेवी बुडवल्यास व्यवस्थापनातल्या व्यक्तींना सहा वर्षांपर्यंत कैद आहे आणि मालमत्ताही जप्त होते. ‘मी फक्त सही करत होतो’ हे सांगायची वेळ आली तर या फाइलशिवाय ते पटवता येत नाही.

पुढच्या बोर्ड मीटिंगच्या विषयपत्रिकेत तीन विषय टाका: पोर्टलवरचा ईमेल आणि मोबाइल कोणाचा आहे, विवरणपत्रांची जबाबदारी ठरावाने कोणावर सोपवली आहे आणि नावापुरते संचालक झालेल्यांना ते काय अंगावर घेत आहेत हे सांगितलं आहे का. तिसऱ्या विषयावर घरात थोडी कुरबूर होईल. ती आत्ता झालेली बरी, कारण नोटीस नाव बघून येते, नातं बघून नाही.